बोटभर वर

तीर्थपुरीच्या शाळेत नरहर मास्तर नोकरीत कच्चे होते. ते पक्के का होत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यांना कुणी काढून का टाकत नाही हेही ठाऊक होतं, आणि दोन्हींचं कारण एकच होतं: शाळेच्या कमिटीत काकासाहेब होते आणि बद्रीनाथ शेठही होते. बाकीचे मेंबर सहीपुरते. त्यांना सही कुठं करायची ते बोटानं दाखवावं लागे.

काकासाहेब निजाम सरकारच्या महसुलातून पेशकार होऊन पेन्शनीत आले होते. कचेरी सुटली, पण कचेरीतला आवाज सुटला नव्हता; घरात पाणी मागायचं तरी हुकूम सोडल्यासारखं मागत. देह असा, की त्यांच्या एकाच्या कापडात शेजारची दोन माणसं झाकली असती. बद्रीनाथ शेठचं अडतीचं दुकान होतं, तेलाचा घाणा होता, आणि अंगावर मांस म्हणाल तर उन्हात वाळत टाकलेल्या गवारीइतकं. काकासाहेबांना मास्तरांच्या जागी आपला भाचा भालचंद्र हवा होता. शेठजींना आपल्या मुनिमाचा मुलगा गिरिधर हवा होता. भालचंद्राचं नाव निघालं की शेठजी खोकायला लागत आणि गिरिधरचं निघालं की काकासाहेबांना घरी जायची घाई होई. अशा दोन रेट्यांच्या मधे नरहर मास्तर उभे होते, आणि रेटे सारखे होते म्हणून पडत नव्हते.

ही गोष्ट मास्तरांना कळलेली होती आणि तिचा त्यांना थोडा माजही होता. मनातल्या मनात त्यांनी दोघांची दोन खाती घातली होती. काकासाहेबांच्या मळ्यातला भोपळा घरी आला, की दिवस मावळायच्या आत शेठजींच्या दुकानातून गुळाची ढेप मागून आणायची. सोनं वाटायला यंदा काकासाहेबांकडं आधी गेलं, तर पुढच्या दसऱ्याला शेठजींकडं आधी. एकाच्या विनोदाला हसलं तर दुसऱ्याचा विनोद येईपर्यंत थांबायचं, आणि शेठजी विनोद क्वचितच करत असल्यामुळं मास्तरांना कधी कधी त्यांच्या साध्या बोलण्यालाही हसून खातं मिटवावं लागे. शेठजींना वाटे, मास्तर रसिक आहेत.

शाळेत मास्तर तबियात शिकवत, म्हणजे भौतिकशास्त्र. वरच्या वर्गांना ते उर्दूतून शिकवायचं असे. मुलं 'तवाजुन, तवाजुन' असं घोकत आणि मास्तर तोच धडा घरी येऊन बायकोला मराठीतून सांगत. उमाबाईंनी मागितलेला नसे, तरी सांगत.

"तवाजुन म्हणजे काय? दोन्हीकडून जोर लागून राह्यला, पण सारखा. मंग वस्तू जागची हलत न्हाई. तिला वाटतं आपण स्वस्थ बसलो. खरं तर ती दाबून राह्यली असती."

"म्हंजे तुमची नोकरी," उमाबाई ज्वारी पाखडत म्हणाल्या.

मास्तरांना हे फार आवडलं नाही. त्यांनी ते दुसऱ्या दिवशी वर्गात वापरलं मात्र नाही, यावरून ते खरं असल्याचं त्यांना पटलं असावं.

संक्रांत झाली आणि खबर आली, की मोहतमीमसाहेब तपासणीला येणार. मोहतमीम म्हणजे शाळांचे सरकारी तपासनीस. सदर मुदर्रिस ख्वाजामियाँ, म्हणजे शाळेचे हेडमास्तर, यांची पेन्शन जवळ आली होती आणि तोपर्यंत जगात काहीही घडू नये एवढीच त्यांची अल्लाकडं मागणी होती. त्यांनी भिंतींना चुना फासायला लावला आणि मास्तरांना बोलावून सांगितलं, "नरहरराव, कमिटीनं एकमुखानं मागणी केली आन साहेबांनी हूं म्हटलं, तर तुमची जागा पक्की होऊन जाती. पण कमिटीचं एक मुख हाय कुठं? दोन मुखं हायत, आन दोन्ही एकमेकाला खायला बसलीत. चुपचाप धडा घ्या. नवं काही करू नका."

मास्तरांच्या डोक्यात नवं तेव्हाच शिरलं होतं.

त्यांचा बेत असा. शाळेच्या पटांगणात एक लांब फळी टेकूवर ठेवायची. एका अंगाला, टेकूजवळ, काकासाहेब. दुसऱ्या अंगाला, पार टोकाला, शेठजी. जड माणूस जवळ, हलका माणूस लांब. जोराला अंतरानं गुणलं की दोन्हीकडचा हिशेब सारखा, आणि फळी आडवी स्थिर. तवाजुन. साहेब खूश, मुलं खूश, आणि मुख्य म्हणजे कमिटीची दोन्ही मुखं त्याच धड्यात बसलेली. स्वतः ज्या धड्यात बसलो तो धडा वाईट होता असं कोण म्हणेल? तिथंच साहेबांसमोर दोघांकडून होकार काढायचा. मास्तरांनी हे सगळं मनात इतक्यांदा तपासलं, की शेवटी आपल्याला हे सुचलंच कसं याचं त्यांना कौतुक वाटायला लागलं.

"गोणी ठेवा ना," उमाबाई म्हणाल्या. "एक मोठी, एक लहान. गोणी काही बोलत न्हाई."

"गोणीला कमिटीत सही करता येत न्हाई."

"म्हणूनच म्हणून राह्यले."

पण मास्तर उठले आणि काकासाहेबांकडं गेले. काकासाहेब ओसरीवर पान लावत होते. बेत त्यांनी ऐकून घेतला आणि पानाला चुना लावता लावता थांबले.

"म्हणजे मी आणि बद्रीनाथ. एका फळीवर."

"जी. तुम्ही मधल्या अंगाला. शेठजी टोकाला."

"आणि फळी बराबर?"

"बिलकुल बराबर."

"मास्तर," काकासाहेब म्हणाले, "मी पेशकार असताना तालुक्याच्या दरबारात माझी खुर्ची होती. हा तेव्हा जोड्यांजवळ उभा राहत असे. आता सरकारी माणसासमोर, पोरासोरांसमोर, मी आणि तो बराबर?"

मास्तरांचं डोकं अशा वेळी फार झपाट्यानं चाले, आणि हेच त्यांचं दुखणं होतं. ते वाकून म्हणाले, "दिसायला बराबर, काकासाहेब. तुमची बाजू मी बोटभर वर ठेवीन. लोकाह्यच्या ध्यानात येणार न्हाई. शेठजीच्या येईल."

काकासाहेबांनी पान तोंडात टाकलं. "बोटभर," ते म्हणाले. "फळी माझ्याकडून न्या. माडीच्या कामातली सागवानी उरली आहे."

तिथून मास्तर दुकानात गेले. शेठजींनी बेत ऐकला आणि पहिला प्रश्न विचारला, "फळी कुणाची?"

"काकासाहेबांची."

"मंग टेकू माझा. घाण्याची जुनी लाट पडून हाय, गोल ओंडका, बरोबर होईल. कोन कितीक उंचावर राहील?"

"दोघं बराबर."

शेठजी दाढी खाजवत बसले. मास्तरांना ठाऊक होतं, शेठजी नाही म्हणत नाहीत, नुसते गप्प बसतात, आणि समोरचा भाव वाढवत जातो. मास्तरांनी भाव वाढवला.

"तुमची बाजू बोटभर वर ठेवीन, शेठजी. त्याह्यला कळंल, दुसऱ्याला न्हाई."

"दोन बोटं ठेवता येईना का?"

"मंग लोकाह्यला दिसंल."

"दिसू द्या की," शेठजी म्हणाले. पण एका बोटावर सौदा झाला.

एकच फळी दोन्हीकडून बोटभर वर कशी राहील, हा प्रश्न तबियातच्या मास्तरांना पडला नाही असं कुणी समजू नये. पडला होता. त्याचं उत्तरही त्यांनी काढलं होतं: माणूस बसला जागी स्वतःलाच वर समजतो, फळी आडवी ठेवली की दोघांनाही आपणच बोटभर वर आहोत असं दिसेल. माणसांची पारख म्हणून हे उत्तर वाईट नव्हतं. फक्त त्यांनी त्यात बघणारे धरले नव्हते.

साहेब बैलांच्या दमणीत बसून आले. हार झाले, काकासाहेबांचा आधी, शेठजींचा जाड. पटांगणात दोन दगडी डोण्यांवर लाट आडवी बसवली होती आणि तिच्यावर सागवानी फळी, चांगली कमरेइतकी उंच. सगळ्यांना दिसलं पाहिजे म्हणून मास्तरांनीच ती उंच करवली होती. शाळेचा चपराशी पाशामियाँ एका टोकाला आणि गाडीवान रखमाजी दुसऱ्या टोकाला फळी धरून उभे राहिले. काकासाहेब चौरंगावर पाय देऊन, दोघा-तिघांच्या खांद्यांचा आधार घेत चढले आणि धोतर सावरून फळीवर घोड्यासारखे बसले. शेठजी टोकावर असे चढले, की ते बसले हे फळीलाही उशिरा कळलं. तोंडं एकमेकांकडं. कित्येक वर्षांत दोघांनी एकमेकांकडं इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी धडा सांगितला आणि इशारा केला. पाशामियाँ आणि रखमाजी बाजूला झाले. फळी जरा डुलली, दचकल्यासारखी थांबली, आणि आडवी राहिली.

"वाह," मोहतमीमसाहेब खुर्चीतून म्हणाले.

मुलांनी टाळ्या पिटल्या. फळीवर काकासाहेब समाधानानं शेठजींकडं पाहत होते आणि शेठजी समाधानानं काकासाहेबांकडं. मास्तरांचं उत्तर बरोबर निघालं होतं. त्यांनी तोंड उघडलं, की साहेब, ही दोघं आमच्या कमिटीची, आणि एवढ्यात कुंपणाजवळच्या गर्दीतून कुणीतरी शेजारच्याला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "शेठजी उलसेक वर दिसून राह्यले."

काकासाहेबांचं समाधान जागीच वाळलं. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं नाही. नुसते दोन्ही हात पुढं टेकले आणि वीतभर टेकूकडं सरकले.

जड माणूस टेकूकडं सरकला की त्याचा जोर तेवढाच राहतो पण त्याची पकड कमी होते. हे आत्ताच शिकवून झालं होतं. काकासाहेबांची बाजू हळूहळू वर आली आणि शेठजी हळूहळू खाली गेले.

"आता काकासाहेब वर," गर्दी म्हणाली.

शेठजी आत सरकले, जरा जास्तच. ते वर आले, काकासाहेब खाली गेले. काकासाहेब आणखी आत. शेठजी आणखी आत. फळी मान हलवल्यासारखी वर-खाली होत राहिली, आणि दोन शहाणी माणसं धोतरं खरडत एकमेकांकडं येत राहिली.

"काकासाहेब, जागेवर," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "शेठजी, तुम्ही तरी. अहो, अंतर बिघडून राह्यलं."

"अंतर आम्हाला शिकवू नका," काकासाहेब म्हणाले आणि सरकले.

शेवटी सरकायला जागा उरली नाही. लाटेच्या दोन अंगांना दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले, फळीची लांबच्या लांब टोकं दोन्हीकडं मोकळी, आणि फळी आडवी. फळीवर इतका पक्का तवाजुन दिवसभरात झाला नव्हता. दोघांची नाकं एकमेकांच्या इतकी जवळ, की काकासाहेबांच्या पानाचा वास शेठजींना येत असावा. त्यांनी तोंड वाकडं केलं.

पाशामियाँ टोक धरायला पुढं झाला. साहेबांनी हात वर केला. "कोई हाथ नहीं लगाएगा. देखते हैं, इल्म से उतरते हैं या पाशामियाँ से."

मुलं हसली. ख्वाजामियाँनी डोळे मिटले.

प्रश्न साधा होता आणि तो फळीवरच्या दोघांना मुलांच्या आधी समजला. जो आधी उतरेल तो मोकळा. जो राहील त्याची बाजू दाणदिशी खाली जाणार, आणि तो पाठीमागच्या पाठीमागं सगळी फळी घसरत मातीत. म्हणून काकासाहेबांनी शेठजींचं मनगट धरलं. शेठजींनी काकासाहेबांचं. काकासाहेब आणि बद्रीनाथ शेठ हातात हात घालून बसलेले तीर्थपुरीनं पहिल्यांदाच पाहिले.

"दोघं बराबर उतरा," मास्तर म्हणाले. "मी एक-दोन-तीन म्हणतो."

दोघांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग एकमेकांकडं. मग काकासाहेब, ओठ न हलवता, म्हणाले, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"मास्तरच्या," शेठजी म्हणाले. "मला काय माहीत असं व्हईल. मला म्हन्ला, तुमची बाजू वर ठेवतो."

"किती?"

"बोटभर."

काकासाहेबांनी शेठजींचं मनगट आणखी घट्ट धरलं. "मलाही बोटभर."

एवढंच. बोलणं फार नव्हतं, पण मास्तर जवळच उभे होते आणि त्यांनी शब्द न् शब्द ऐकला. ज्या दोन रेट्यांच्या मधे ते इतकी वर्षं उभे होते, ते दोन्ही रेटे आता एका अंगाला आले होते, आणि ते त्यांनी स्वतः फळी उंच करून, गावाला बोलावून, आणून ठेवले होते.

"मी मोजतो," काकासाहेब म्हणाले.

"दोघं मोजू," शेठजी म्हणाले.

दोघांनी मोजलं, दोघं एकदम उतरले, काकासाहेब डावीकडं, शेठजी उजवीकडं, आणि फळी रिकामी डुलत राहिली. टाळ्या पुन्हा पडल्या. मोहतमीमसाहेब तर उठून उभे राहिले. अशी तालीम अजून कुठल्या शाळेत पाहिली नाही, म्हणाले. मास्तर कच्चे आहेत हे कळल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं, आणि त्यांनी दोघांकडं वळून विचारलं, "इनकी जगह पक्की कर दें? कमिटी की क्या राय है?"

"न्हाई," शेठजी म्हणाले.

"कमिटीला हे मास्तर नकोत," काकासाहेब म्हणाले. "एकमतानं."

साहेबांनी दोघांकडं पाहिलं आणि ते लिहून घेतलं. कमिटीत असा इत्तिफाक, असं एकमत, फार कमी ठिकाणी दिसतं, असा शेराही त्यांनी खाली दिला. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

बाजाराचा दिवस यायच्या आत नरहर मास्तरांचं बिऱ्हाड रखमाजीच्या गाडीत चढलं. वडीगोद्रीला उमाबाईंच्या भावाचं किराणा दुकान होतं. तिथं पुढं काय, ते तिथं गेल्यावर. उमाबाईंनी पेट्या, भांडी आणि जातं मागच्या बाजूला रचलं आणि त्या स्वतः जात्याला टेकून बसल्या. मास्तर पुढं, रखमाजीच्या शेजारी. वाटेत शाळा लागली. फळी तिथंच होती, कारण फळी काकासाहेबांची आणि टेकू शेठजींचा, आणि आधी आपलं कोण उचलून नेणार. रिकाम्या फळीचं एक टोक जमिनीला लागलं होतं.

"तिचा बी खेळ झालाया," रखमाजी म्हणाला. "सकाळी शेठजीचा गडी येऊन काकासाहेबाकडची बाजू खाली करून जातो. दुपारी काकासाहेबाचा गडी येतो."

एवढ्यात पाशामियाँ धावत आला. रखमाजीनं गाडी थांबवली आणि तो तंबाखू काढायला खाली उतरला.

"मास्तरसाब, जरा रुको," पाशामियाँ धापा टाकत म्हणाला. "सदरसाबानं बुलावलं. कमिटी बसल्ती. तुमच्या जाग्यावर कोन, याच्यावर बोलणं निघालं. एक म्हणे भालचंद्र, एक म्हणे गिरिधर. मंग काय, शेठजीनं पागोटं आपटलं, काकासाब उठून गेले. सदरसाब म्हणून राह्यले, वर्ग मास्तराविना खाली पडला, मास्तरला म्हणाव या. कच्चेच, पण या. आता कोनी काढत न्हाई तुम्हाला."

मास्तरांच्या चेहऱ्यावर जुना उजेड आला. दोन रेटे पुन्हा समोरासमोर आले होते, आणि मधे त्यांच्या मापाची जागा रिकामी होती. काकासाहेबांकडं आधी जावं का शेठजींकडं, हेसुद्धा त्यांच्या मनात तेवढ्यात लागून गेलं: मागं हार काकासाहेबांचा आधी पडला होता, तेव्हा आता शेठजी. "बघितलंस?" ते उमाबाईंना म्हणाले. "आपोआप बसतं सगळं." आणि त्यांनी खाली उडी मारली.

तशी गाडी उलळली. पुढं कुणी नाही, मागं जातं, भांडी, पेट्या आणि उमाबाई. गाडीचं मागचं टोक रस्त्याला टेकलं आणि जू वर उठलं. गळ्याला जोत आवळून बैल माना वर करून घुसमटायला लागले. तांब्या घरंगळत पाशामियाँच्या पायाशी आला.

"मास्तर, वर बसा," रखमाजी ओरडला आणि जुवाला लोंबकळला. "बैल मरतेत माझे. बसा पैले."

तबियातचे मास्तर धडपडत पुन्हा धुरेवर चढले. जू खाली आलं. बैलांनी माना झाडल्या. गाडी जागेवर आली.

उमाबाई तिरक्या झाल्या होत्या, त्या नीट बसल्या. पदर सावरला. जातं जागचं हललं का ते हातानं पाहिलं. पाशामियाँनं तांब्या वर दिला, तो त्यांनी मांडीवर घेतला.

"उतरायचं तर दोघांनी बराबर उतरायचं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत सगळ्या गावाला."

"मंग उतर ना," मास्तर म्हणाले. "जागा परत मिळून राह्यली."

"मी काही उतरून राह्यले न्हाई."

मास्तर धुरेवर बसून राहिले. एक पाय खाली सोडून पाहिला. जू लगेच वर उठायला लागलं, तसा वर घेतला. रखमाजीनं तंबाखू तोंडात टाकली आणि तो त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"काय सांगू सदरसाबाला?" पाशामियाँनं विचारलं.

मास्तरांनी शाळेकडं पाहिलं. फळीजवळ कुणाचा तरी गडी येऊन उभा राहिला होता. कुणाचा ते इतक्या लांबून कळत नव्हतं. त्यानं वरचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि खाली दाबलं.

"सांगा, येत न्हाईत," मागून उमाबाई म्हणाल्या. रखमाजीनं बैलांना हाक दिली.